पॅशन फ्रूटच्या बियांचं करायचं काय?

आयुष्यातलं पहिलं पॅशन फ्रूट मी कापलं आणि सरळ कचऱ्यात टाकलं. साल सुरकुतलेली, आत पांढऱ्या अस्तराची वाटी आणि त्या वाटीत काळ्या ठिपक्यांचं, केशरी, बुळबुळीत काहीतरी. बेडकाची अंडी आठवावीत असं. फळ नासलंय याबद्दल मला शंकाच उरली नाही. दुसऱ्या वेळी धीर करून खाल्लं, पण एकेक बी तोंडातून काढून बशीच्या कडेला लावत बसले. फळ संपायला पंधरा मिनिटं लागली आणि हाती चमचाभर रस आला. तिसऱ्या वेळी शहाणपण सुचलं, म्हणून सगळा गर मिक्सरला लावला, चांगला फिरवला, गाळला आणि राखट रंगाचं कडसर पाणी प्यायले.

तिन्ही वेळा घोळ बियांचाच होता. म्हणून हे फळ समजावून सांगायचं तर मी बियांपासूनच सुरुवात करते.

आपण आंबा खातो तेव्हा फळाचा गर खातो आणि कोय टाकतो. पॅशन फ्रूटमध्ये गणित उलटं आहे. फळाची भिंत, म्हणजे बाहेरचं कवच आणि आतलं पांढरं स्पंजासारखं अस्तर, टाकून द्यायचं असतं. खायचं ते बी आणि तिच्याभोवतीची पिशवी. प्रत्येक बीला स्वतःची एक रसाची पिशवी असते. लिचीचा पांढरा गर जसा बीभोवती वाढलेलं आवरण असतो, तसंच हे. फरक एवढाच की लिचीत बी एक आणि मोठी, तर इथे एका फळात अडीचशेपर्यंत बिया असू शकतात. चमच्यात थोडा गर घेऊन उजेडासमोर धरा. केशरी, अर्धपारदर्शक थेंबासारखी पिशवी आणि तिच्या पोटात चपटी काळी बी. जिभेने टाळूवर दाबली की पिशवी फुटते, आधी आंबट, मग गोड आणि मागून तो वास येतो. उरते ती बी. तीही कुरकुरीत असते, चावली तर चक्क फुटते. पिशवी चोखून धुतलेली बी नीट पाहिली तर तिच्यावर बारीक खळगे दिसतात, शिवताना बोटात घालतात त्या टोपणावर असतात तसे.

आता नावाबद्दल दोन शब्द, कारण ‘पॅशन’ म्हटलं की भलतंच डोक्यात येतं. या नावाचा प्रेमाशी किंवा जोशाशी संबंध नाही. लॅटिनमधला मूळ शब्द यातनेचा आहे. दक्षिण अमेरिकेत गेलेल्या स्पॅनिश धर्मप्रसारकांना या वेलीच्या फुलात ख्रिस्ताच्या क्रूसावरच्या यातना दिसल्या: फुलातल्या तंतूंचं वलय म्हणजे काट्यांचा मुकुट, पाच पुंकेसर म्हणजे पाच जखमा, वरचे तीन फाटे म्हणजे तीन खिळे. मराठी डोळ्यांना त्याच पाचांत पांडव दिसले आणि फुलाला कृष्णकमळ नाव पडलं. म्हणून फळालाही कोणी कृष्णफळ म्हणतात. या कुळात पाचशेहून जास्त जाती आहेत. आपण खातो ती पॅसिफ्लोरा एड्युलिस, मूळची दक्षिण ब्राझील, पॅराग्वे आणि उत्तर अर्जेंटिनाची. तिचे ठळक प्रकार दोन. जांभळं फळ लहान, साधारण लिंबाएवढं, चवीला गोडसर आणि वासाला जास्त नाजूक. पिवळं फळ मोठं, रसदार आणि आंबटजहाल. ब्राझीलमध्ये माराकुझा, हवाईमध्ये लिलिकोई ही याचीच नावं. नारिंगी, टणक, गुळगुळीत सालीचं आणि आत राखाडी गोड गर असलेलं एक फळ ग्रॅनॅडिला नावाने मिळतं, ते याचं भावंड आहे. चवीला ते अगदीच गोड आणि सौम्य, त्यामुळे एकाच्या पाककृतीत दुसरं घातलं तर फसगत होते.

निवडताना हात वापरा, डोळे नंतर

हे फळ निवडण्याची खरी कसोटी वजन आहे, आणि त्यामागचं कारण मला फार आवडतं. फुलावर पुरेसे परागकण पडले तर जास्त बिया धरतात. जितक्या बिया, तितक्या रसाच्या पिशव्या. पराग कमी पडला तर बिया कमी, आणि फळ बाहेरून गोल गरगरीत दिसलं तरी आतून पोकळ. पिवळ्या जातीत तर स्वतःच्याच वेलीचा पराग चालत नाही, दुसऱ्या वेलीचा लागतो. फूल मोठं, त्याचे केसर उंचावर, त्यामुळे लहान मधमाशी मकरंद पिऊन जाते पण तिची पाठ परागाला घासत नाही. हे काम लाकडात घर करणारा धिप्पाड काळा भुंगा करतो. जगात सर्वांत जास्त पॅशन फ्रूट पिकवणाऱ्या ब्राझीलमध्ये जिथे भुंगे पुरत नाहीत तिथे माणसं बागेत फिरून हाताने पराग लावतात. तेव्हा दोन सारख्या आकाराची फळं दोन हातांत घेऊन जड लागेल ते उचललं, तर समजा भुंग्याने नीट काम केलेलं फळ तुम्ही घेतलंत.

सुरकुत्यांचं काय? ‘सुरकुतलेलं तेच पिकलेलं’ हा सल्ला सगळीकडे ऐकायला मिळतो. तो अर्धाच खरा आहे. सुरकुती पिकल्याची नाही, पाणी उडाल्याची खूण आहे. वेलीपासून सुटल्यावर फळाला पाणी मिळणं बंद होतं, सालीतून ते उडत राहतं, आतलं पांढरं अस्तर आक्रसतं आणि वरचं पातळ कवच दुमडतं. गर त्या काळात बराचसा ओलाच राहतो. दरम्यान फळ श्वास घेत असतं, त्यात थोडं आम्ल खर्ची पडतं, म्हणून चार दिवसांनी तेच फळ कमी आंबट लागतं. एवढ्यापुरती सुरकुती आपल्या फायद्याची. पण हीच प्रक्रिया चालू राहिली की गरही वाळतो. म्हणजे थोडं सुरकुतलेलं आणि जड असेल तर डोळे मिटून घ्या. खूप आक्रसलेलं आणि पिसासारखं हलकं असेल तर तिथेच ठेवा. गुळगुळीत आणि जड असेल तर तेही घ्या, फक्त तीन-चार दिवस थांबा.

रंग मात्र पुरता आलेला हवा. जांभळं असेल तर गडद जांभळं, पिवळं असेल तर हिरवी झाक गेलेलं. हे फळ पिकलं की आपणहून वेलीवरून गळतं आणि बागेत ते जमिनीवरून वेचलं जातं. हिरवं असतानाच तोडलेलं फळ घरी रंग बदलतं, पण त्याच्यात तो वास पुरता भरत नाही. हिरवं कच्चं फळ न खाण्याला आणखी एक कारण आहे. या वेलीच्या पानांत, सालीत आणि कच्च्या फळात सायनाइड तयार करू शकणारी संयुगं असतात. पिकताना गरातलं त्यांचं प्रमाण उतरतं. पिकलेला गर बिनधास्त खावा, साल आणि कच्चं फळ खाऊ नये. ‘साल वाटून स्मूदीत घाला, फायबर मिळेल’ असा सल्ला कोणी दिला तर तो कानाआड करा.

देठापाशी बोट फिरवून पाहायची सवय लावा. बुरशी पहिल्यांदा तिथे धरते. मऊ, ओलसर खळगा किंवा पांढरी लव दिसली की ते फळ नको.

घरी आणल्यावर गुळगुळीत फळं टोपलीत, उन्हापासून दूर ठेवायची. साल किंचित मऊ पडून दुमडायला लागली की फ्रीजमध्ये. तिथे आठवडाभर सहज टिकतात, कधी दोन आठवडेही. कापल्यावर दारूसारखा किंवा शिरक्यासारखा वास आला तर गर आंबलाय, तो टाकायचा.

कापायचं कसं हे सांगण्यासारखं आहे का, असं वाटेल. आहे. ही साल चामड्यासारखी चिवट आणि वरून गुळगुळीत. साध्या सुरीचं पातं तिच्यावरून घसरतं आणि बोटावर येतं. दातेरी सुरी घ्या, पाव कापायची किंवा टोमॅटोची. आधी फळ धुवा, साल खायची नसली तरी धुवा, कारण सालीवरची घाण पात्याबरोबर गरात उतरते. फळ मधोमध कापलं तर अर्धा रस ओट्यावर जातो. उकडलेल्या अंड्याचा माथा उडवतात तसा वरचा एक तृतीयांश भाग काढायचा, खाली वाडगा ठेवून. मग चमचा आत घालून भिंतीलगत एक फेरा मारायचा. गर अस्तरापासून सुटून एकत्र येतो. पांढरं अस्तर खरवडू नका, ते कडसर असतं.

आकडे वाचताना जरा सावध

पॅशन फ्रूटच्या पोषणाचे आकडे पाहिले की डोळे विस्फारतात. बियांसकट १०० ग्रॅम गरात सुमारे ९७ कॅलरी, १०.४ ग्रॅम तंतू म्हणजे फायबर, ११.२ ग्रॅम साखर, ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि ३४८ मिलिग्रॅम पोटॅशियम. सालीसकट सफरचंदात तेवढ्याच वजनाला तंतू जेमतेम अडीच ग्रॅम असतात. म्हणजे चौपट!

पण १०० ग्रॅम गर म्हणजे किती फळं? फळाचं जवळजवळ निम्मं वजन सालीत जातं. एका लहान जांभळ्या फळातून हातात येतो साधारण १८ ग्रॅम गर. म्हणजे १०० ग्रॅमला पाच-सहा फळं लागतात. एका बैठकीत एवढी कोणी खात नाही, निदान मी तरी नाही. एका फळाचा हिशोब मग असा पडतो: सुमारे १७ कॅलरी, २ ग्रॅम तंतू, २ ग्रॅम साखर, ५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व. क जीवनसत्त्वासाठी याच्या मागे धावण्यात अर्थ नाही, एक संत्रं त्याच्या दहापट देऊन जातं. पण तंतूंचा आकडा एका फळालाही राहतोच. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू सुचवते. दोन फळांतून त्यातले ४ ग्रॅम आले, तेही ३५ कॅलरींच्या आत, तर सौदा वाईट नाही.

आता गाळलेल्या रसाचा आकडा पाहा. १०० ग्रॅम जांभळ्या पॅशन फ्रूटच्या रसात तंतू किती? ०.२ ग्रॅम. साखर १३ ग्रॅमच्या वर. १०.४ वरून ०.२ वर आलो, मधे फक्त एक गाळणी होती. सगळा माल बियांत आणि पिशव्यांच्या पडद्यांत होता, तो आपण गाळणीत ठेवला. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात अख्ख्या फळातली साखर ‘मुक्त साखर’ धरली जात नाही, पण रसातली धरली जाते, चहात घातलेल्या साखरेच्या रांगेत. फळ तेच, वेल तीच, पण पेल्यात ओतल्यावर त्याचं खातं बदलतं. मधुमेह असलेल्यांसाठी हा फरक कामाचा आहे. बियांसकट एक-दोन फळं बहुतेकांच्या आहारात बसतात, बाटलीतलं सरबत बसत नाही. बाटलीवर घटक वाचा. घटक वजनाच्या क्रमाने छापतात. साखर किंवा पाणी आधी आणि पॅशन फ्रूट चौथ्या-पाचव्या जागी असेल तर तुम्ही साखरेचं पाणी विकत घेताय, फळाचा फक्त वास आहे.

बिया पचतात का? अख्ख्या गिळल्या तर बहुतेक तशाच बाहेर पडतात, आणि त्यात काही बिघडत नाही. न पचणं हेच तर तंतूंचं काम. बियांतले तंतू बहुतांशी पाण्यात न विरघळणारे असतात, ते मळाला आकार देतात आणि पुढे सरकवतात. म्हणूनच पाणी पुरेसं प्यायलं पाहिजे आणि एरवी तंतू कमी खाणाऱ्याने पहिल्याच दिवशी चार फळांवर ताव मारू नये, पोट फुगेल. चावून खाल्ल्या तर बीच्या आतलं तेल आणि पिसिॲटॅनॉल नावाचं एक पॉलीफेनॉल, म्हणजे वनस्पतींत तयार होणारं एक संयुग, मोकळं होतं. द्राक्षातल्या रेस्व्हेराट्रॉलचं ते नातेवाईक. त्याच्यावर संशोधन चालू आहे, पण त्यासाठी बिया औषध म्हणून खाव्यात असं मी म्हणणार नाही. कुरकुरीत लागतात म्हणून चावा.

बिया अडकून अपेंडिक्स होतं ही भीती अजून घरोघरी आहे. फळाच्या बारीक बिया खाल्ल्याने तसं होतं असं मानायला आधार नाही. मोठ्या आतड्याच्या भिंतीला फुगवटे येऊन पिशव्या झालेल्यांना (डायव्हर्टिक्युलोसिस) पूर्वी डॉक्टर दाणे, मका, बारीक बिया बंद करायला सांगत. २००८ साली सुमारे ४७ हजार पुरुषांचा १८ वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुकामेवा, मका आणि पॉपकॉर्न खाणाऱ्यांना त्या पिशव्यांचा त्रास जास्त झाला नव्हता. आता ती सरसकट बंदी राहिलेली नाही. आतड्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल किंवा आतडं अरुंद झालं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टर सांगतील तेच. मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियम मोजून खावं लागतं, त्यांनीही विचारून घ्यावं. रबरी हातमोजे किंवा फुग्यांमुळे ज्यांना ॲलर्जी येते, त्यांच्यापैकी काहींना केळी, किवी, ॲव्होकॅडो आणि पॅशन फ्रूट यांचीही येते. ओठ खाजले तर थांबा.

एक गल्लत नेहमी दिसते. ‘पॅशन फ्लॉवर’ नावाने शांत झोपेसाठी चहा आणि गोळ्या मिळतात. त्या याच कुळातल्या पॅसिफ्लोरा इन्कार्नाटा या दुसऱ्या जातीच्या पानाफुलांच्या असतात. रात्री पॅशन फ्रूट खाल्लं म्हणून झोप येणार नाही.

आंबटपणाशी कसं जुळवायचं

या रसाचा आंबटपणा मुख्यतः सायट्रिक आम्लाचा, लिंबातलाच. पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितकं आंबट), साधारण ३ च्या आसपास. हे एवढं लक्षात ठेवलं की स्वयंपाकघरातल्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. दुधात गर घातला तर दूध फाटतं, कारण पीएच ४.६ च्या जवळ आला की दुधातलं केसिन हे प्रथिन गोळा होतं. दही आधीच त्या टप्प्यावर पोहोचलेलं असतं, म्हणून दह्यात गर निवांत मिसळतो. आटवलेल्या गोड दुधात, म्हणजे कंडेन्स्ड मिल्कमध्ये, हाच दोष गुण होतो: रस घालून ढवळलं की न शिजवता ते मिश्रण घट्ट होतं. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात गर ठेवू नका, धातूची चव उतरते. काच किंवा स्टील बरं. आणि खाल्ल्यावर लगेच दात घासू नका. आम्लाने दातांचा वरचा थर थोडा वेळ नरम असतो. चूळ भरा, अर्ध्या तासाने घासा.

साखर घालण्याआधी गोड फळाची जोड देऊन पाहा. पिकलेलं केळं यासाठी सर्वांत उत्तम: ते गोड, पिठूळ, सौम्य, हे आंबट, पाणीदार, वासाचं. केळ्याच्या चकत्यांवर एका फळाचा गर ओतायचा, चिमूटभर मीठ, संपलं. मिठाने खारटपणा येत नाही, गोडवा वर येतो. पपईवरही हेच चालतं, कारण पपईला आंबटाची गरजच असते. दह्यात गर आणि वर भाजलेले ओट्स हा माझा नेहमीचा नाश्ता आहे. दह्यातल्या स्निग्धतेमुळे गरातला केशरी रंग, म्हणजे कॅरोटिनॉइड, अंगी लागायला मदत होते. मलईविरहित दही खाणाऱ्यांनी चार दाणे सुकामेवा घालावा, काम होतं. सॅलडवर लिंबाऐवजी हा गर, थोडं तेल, मीठ, मिरपूड असं फेटून घातलं की तिखट-कडू पाल्याची कोशिंबीरही माणूस मागून घेतो. बिया दाताखाली तिळासारख्या येतात.

शिजवायचं असेल तर गर शेवटी, गॅस बंद केल्यावर घाला. याचा वास ज्या गंधकयुक्त संयुगांमुळे येतो ती उष्णतेने भुर्रकन उडतात. (तीच संयुगं काही पांढऱ्या वाइनमध्ये असतात, आणि जास्त तीव्र झाली तर मांजराच्या मुताची आठवण करून देतात. म्हणून एखाद्याला हा वास मुळीच आवडला नाही तर त्याच्या नाकाला दोष देऊ नये.) क जीवनसत्त्वही उष्णतेने कमी होतं.

फळं एकदम आली तर गर बियांसकट बर्फाच्या साच्यात गोठवा, गोठल्यावर खडे पिशवीत भरा. काही महिने टिकतात आणि एक खडा पाण्याच्या पेल्यात टाकला तर साखरेशिवाय सरबताचं काम भागतं.

आणि कधी कधी बिया नकोच असतात. लहान मूल आहे, दातांची कवळी आहे, किंवा केकवर गुळगुळीत थर हवाय. तेव्हा माझी तिसऱ्या वेळची चूक करू नका. मिक्सर सलग फिरवला की बिया फुटतात, काळी पूड रसात मिसळते, कडवटपणा उतरतो आणि मग कितीही बारीक गाळणी घेतली तरी उपयोग नाही. मिक्सरला एक-एक सेकंदाचे दोन-तीन झटके द्यायचे आणि थांबायचं. पिशव्या फुटतात, बिया शाबूत राहतात. मिक्सर नको असेल तर गर किंचित कोमट करून गाळणीत चमच्याच्या पाठीने घोळवायचा, तेवढ्यानेही रस सुटतो. गाळणीत उरलेल्या बियांना थोडा गर चिकटलेला असतो. त्या मी त्याच पेल्यात नाही, पण दुसऱ्या दिवशीच्या दह्यात ढकलते.